सुया टोचण्यापुरतीच नर्स?

हडपसरहून एका आईचं पत्र आहे. लेक बारावी आर्ट्सला 56 टक्क्यांनी पास झाली. गेल्या वर्षी मावशी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून पोरीने नर्सिंगचा ध्यास घेतलाय. वडील म्हणतात, "सुया टोचण्यात कसलं करिअर?"

ताई, बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. पुढचं यजमानांनाही वाचून दाखवा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांचा याच कॅन्सरसाठी अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या ना डॉक्टर होत्या ना नर्स. दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखाला, म्हणजे पिशवीच्या तोंडाला, पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं (व्हिनेगरमध्ये असतं तेच), मिनिटभर थांबायचं आणि धोक्याची खूण असलेला पांढरा डाग उमटतो का ते बघायचं. ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. दहावी शिकलेल्या बायकांच्या हातून हे झालं, ताई!

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा 15 ते 20 वर्षं जातात. सरकारी कार्यक्रमात तिशीपासून दर पाच वर्षांनी तपासणी आहे. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी दोन टक्क्यांचीही ती झालेली नव्हती. आशाताई घरी येऊन फॉर्म भरून घेतात. पण केंद्रात पडदा ओढून, "घाबरू नका, काय करतेय ते सांगत जाते" म्हणणारी, डाग ओळखणारी बाई हवी. लाजेने दारातूनच परत फिरणारी बाई अशीच टेबलापर्यंत येते. तुमच्या लेकीने दुखणं जवळून पाहिलंय. हे बोलणं तिला जमेल असं मला वाटतं.

आर्ट्सवरून एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविकेचा कोर्स, दोन वर्षं) आणि जीएनएम (जनरल नर्सिंग-मिडवाइफरीचा डिप्लोमा, तीन वर्षं) दोन्हींची दारं उघडी आहेत. थेट बीएस्सी नर्सिंगला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. मी जीएनएम सुचवेन, कारण नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. फी भरण्याआधी कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. जाहिरातीवर जाऊ नका. नुसत्या डिप्लोमाने ही तपासणी हाताला बसत नाही. नोकरीत प्रशिक्षण मागून घ्यावं लागतं, जाणत्या हाताखाली बऱ्याच तपासण्या कराव्या लागतात.

सरकारी आरोग्य खात्यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, सुरुवातीचा पगार बेताचा, रात्रपाळ्या चुकत नाहीत. हे तिला आत्ताच सांगा.

आणखी एक. पुण्यातल्याच सीरम कंपनीची एचपीव्हीवरची सर्व्हाव्हॅक लस 9 ते 26 वयासाठी आहे, लेकीसाठी डॉक्टरांना विचारा. आणि तुमची स्वतःची तपासणी झाली आहे का? नसेल तर ससून रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीत जा, लेकीला सोबत न्या. टेबलापाशी उभी असलेली सिस्टर तुमच्याशी कशी बोलते, ते तिला बघू दे.