स्विफ्टचे शॉकअप घरी बदलावेत की गॅरेजमध्ये?

मागचे घरी बदलायला हरकत नाही, पुढचे मात्र गॅरेजमध्येच द्या. स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे काम सोपं. पण नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावाच. खालचा बोल्ट चाकं जमिनीला टेकल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर रबरी बुश पिळला जाऊन लवकर फाटतो.

पुढच्या स्ट्रटवर, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या भागावर, स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) न लावता वरचा नट सोडला की ती गोळीसारखी सुटते. माझ्या मित्राचं मनगट असंच मोडलं, म्हणून कळकळीने सांगतोय. शिवाय नंतर व्हील अलाइनमेंटला दुकानात जावंच लागतं. आणि हो, शॉकअप डावा-उजवा जोडीनेच बदला.