आजारपणात व्यायाम सुटला की पुन्हा सुरू करायची प्रेरणा कुठून आणायची?

तुम्ही लिहिलंय की चालणं-व्यायाम जरा कुठं अंगवळणी पडतो, तोवर आजारपण नाहीतर दुखापत येते, सगळं बंद पडतं आणि मग पुन्हा उठायची इच्छाच होत नाही. याला लोक सरसकट एकच उत्तर देतात: जिद्द ठेवा. ते ऐकलं की मला राग येतो. का येतो ते सांगते.

मी सोलापूरची. शाळेत शिकवते, पन्नाशीला आलेय, शुगर आहे. कोजागिरीला गल्लीतल्या बायकांबरोबर तुळजापूरला पायी जायचं हा माझा नेम. पंचेचाळीसेक किलोमीटर, रात्रभर चालायचं. ती वाट ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. उळ्यापासून पुढं रस्ता माणसांनी नुसता भरलेला असतो, ठिकठिकाणी चहा, केळी, पाय चोळून द्यायला बसलेली पोरं. तेवढ्यासाठी मी वर्षभर पहाटे होम मैदानावर चालायचे. गोळ्या होत्याच, पण शुगर आटोक्यात राहायची ती या चालण्यानं.

एका पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, काही दिवसांआड येतं, त्यामुळं घरोघरी बॅरल, टाक्या भरून ठेवलेल्या. हा आजार पसरवणाऱ्या एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. आपल्या जिल्ह्याला हा आजार नवाही नाही. १९७३ मध्ये बार्शीत साथ आली होती, मग बरीच वर्षं त्याचं नाव कुणी घेतलं नाही, आणि २००५-०६ मध्ये तो देशभर परत उसळला. ताप आठवड्याभरात उतरतो. सांधे मात्र महिनोन् महिने सोडत नाहीत.

सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही. भाकरीचं पीठ मळायला घेतलं की मनगटातून कळ निघायची, थापायचं तर लांबच. पलंगावरून पाय खाली टेकवला की घोटा असा ठणकायचा, की न्हाणीपर्यंत भिंत धरत जावं लागे. अंघोळीचं पाणी नवरा बॅरलमधून काढून द्यायचा, कारण भरलेला तांब्या माझ्या हातात राहत नव्हता. तासा-दीड तासानं अंग थोडं सैल व्हायचं. चालणं अर्थातच बंद. एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा हिशेब सांगते, ती वर गेली.

नवरात्रात सगळे घरी जमले होते. माझे थोरले दीर, अण्णा, सगळ्यांदेखत म्हणाले, "मनात असलं की पाय आपोआप चालतात. हिच्या मनातच नाही आता." अण्णांनी तरुणपणी आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच, जड काठी, पेललेला आहे. त्यामुळं जिद्द या विषयावर घरात त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडत नाही. मी उघडलं. म्हटलं, "अण्णा, संक्रांतीला बाराबंदी घालून नंदीध्वज उचलायच्या आधी किती दिवस सराव चालायचा तुमचा? आजारातून उठलेल्या माणसाच्या हातात दिला असता का कुणी?" ते उठून बाहेर गेले. सासूबाईंनी मलाच गप्प केलं. त्या कोजागिरीला मी गेले नाही, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. अंगात बिघाड असताना मनाला दोष देणं हा अन्याय आहे. व्यायाम थांबला की दम दोन-तीन आठवड्यांतच घसरायला लागतो. स्नायूंची ताकद त्यापेक्षा जास्त टिकते, आणि ज्यानं आधी व्यायाम केलाय त्याची ती नव्या माणसापेक्षा लवकर परत येते. हे कुणी सांगत नाही. म्हणून आजारातून उठलेला माणूस पहिल्याच दिवशी जुनं अंतर गाठायला जातो, धाप लागते, दुसऱ्या दिवशी अंथरूण धरतो, आणि वर घरचे म्हणतात याच्यात दमच नाही. मग इच्छा कशी राहील? तुमचंही असंच झालं असणार, अशी मला दाट शंका आहे.

मी सुरुवात केली ती गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे तिथपर्यंत. जायचं, यायचं, बस. माप एकच ठेवलं: दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ किती वेळानं वळते. नेहमीच्या वेळेत वळली तर तेवढंच चालायचं, चारेक दिवस तसं टिकलं तर थोडं पुढं. उशीर लागला तर मागं यायचं. उत्साह आहे की नाही हे स्वतःला विचारलंच नाही. रात्री जेवल्यावर गच्चीत दहा मिनिटं फेऱ्या मारायचे, त्यानं जेवणानंतरची शुगर कमी चढते. मीटरवर दिसतं ते, करून बघा. पाणी यायच्या दिवशी चालणं नाही, हे आधीच ठरलेलं. त्या दिवशी कधी पहाटे तीनला मोटर लावायची असते, मग उगाच खाडा पडला म्हणून कशाला झुरायचं? मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर असतो, तेव्हा उजाडायच्या आत घरी.

पुढच्या वर्षी कोजागिरीला अर्धी वाट चालले. तामलवाडीला माझी मावसबहीण असते. आधीच तिच्याकडे जाऊन राहिले आणि रात्री गल्लीतल्या बायका तिथं पोचल्यावर त्यांच्यात मिसळले. अण्णांच्या मते ती पायी वारी नव्हे. माझ्या मते होती, आणि तुळजाभवानी आईच्या दारात उभी राहिले तेव्हा कुठून निघालीस असं मला कुणी विचारलं नाही. सोबतीचं म्हणाल तर तेवढं मात्र खरं, एकटीनं झालं नसतं. पण सोबत अशा माणसांची हवी जी तुमच्या पावलानं चालतील. घरातले बोलणारे असतील तर त्यांना आपलं वजन, आपलं अंतर सांगायचंच बंद करा. मी केलंय.

आता राहिलेलं. सांध्यांना सूज असेल, किंवा तापानंतर तीन महिन्यांनीही दुखणं हटत नसेल तर संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडच्या गोळ्या आणून खाऊ नका, शुगरवाल्यांनी तर अजिबात नको, ती भडकते. इन्सुलिन घेत असाल तर चालायला जाताना खिशात साखर ठेवा. छातीत दाबल्यासारखं झालं तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी इसीजी काढा. आणि तुमची दुखापत नेमकी कसली ते तुम्ही लिहिलेलं नाही. गुडघ्याचा लिगामेंट वगैरे असेल तर माझं गिरणीपर्यंतचं माप तुमच्या कामाचं नाही, फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढंच करा.