घरचा प्रसंग नाटकात आणला, आता पपांशी बोलता येत नाही

कॉलेजच्या नाट्यमहोत्सवांचे दिवस सरले की एक ठरावीक चिंता घेऊन मुलं माझ्याकडे येतात. हल्ली बरीच नाटकं तयार संहितेवरून होत नाहीत. तालमीत मुलं आपापल्या आठवणी सांगतात, त्यांतून प्रसंग उभे राहतात. प्रयोग रंगतो, टाळ्या पडतात, आणि मग रात्री झोप उडते : मी घरचं चव्हाट्यावर मांडलं का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक विद्यार्थिनी हेच विचारत आली होती. (तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचं नाटक खाणबंदीवर होतं. तिच्या वडिलांचा कर्जाने घेतलेला टिप्पर ट्रक खाणीवरून बार्जच्या (नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटींच्या) धक्क्यापर्यंत लोहखनिज वाहायचा. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी पहिल्यांदा थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांच्या करारांचं) नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. ती तेव्हा प्राथमिक शाळेत होती. रात्री पपा अंगणात उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसत. ही आठवण तिने तालमीत सांगितली आणि पपांची भूमिकाही तिनेच केली : स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देणारा माणूस. सभागृह गहिवरलं. प्रेक्षकांत बसलेले पपा मात्र घरी आले ते न बोलताच. दुसरा प्रयोग तोंडावर होता आणि तिला नाटकच सोडायचं होतं.

‘तुझं काही चुकलं नाही’ असं मी तिला म्हटलं नाही. अशा धीराने अपराधीपणा जात नाही; उलट आपलं कुणी ऐकूनच घेतलं नाही असं मुलांना वाटतं. मी तिला कागदावर वेगवेगळं लिहायला सांगितलं : डोळ्यांनी काय दिसलं, तेव्हा मनात काय आलं, आणि तालमीत काय वाढलं. दिसलं होतं ते इतकंच : केबिनमधला दिवा, पपांची पाठ, आणि इंजिनाचा आवाज. मनात आलं होतं, पपा रडतायत. स्टिअरिंगवर टेकलेलं डोकं आणि हुंदके तालमीत आले. कुणीतरी सुचवले, तालीम मास्तरांना आवडले, राहिले. लिहून झाल्यावर ती बराच वेळ कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, “मॅडम, मी त्यांचा चेहरा बघितलाच नव्हता.”

तिचे पपा स्वतः जत्रेतल्या नाटकांत वर्षानुवर्षं काम करणारे. आपल्याकडे देवळासमोरच्या मांडावर दुर्योधन झालेला माणूस मुकुट काढतो, रंग पुसतो आणि सकाळी दुकान उघडतो. तो दुर्योधन नाही हे गावाला माहीत असतं, त्यालाही. या मुलीने मात्र पपांचाच खाकी शर्ट घातला होता आणि प्रयोगानंतरही तो तिच्याच बॅगेत होता. सायकोड्रामाची, म्हणजे प्रसंग अभिनयातून उभा करून मनावर उपचार करण्याची पद्धत घडवणाऱ्या जेकब मोरेनो यांनी सादरीकरणानंतरचा एक टप्पा आवश्यक मानला. गट एकत्र बसतो, कुणी विश्लेषण करत नाही, सल्ला देत नाही. प्रत्येक जण त्या प्रसंगाने आपल्या आयुष्यातलं काय जागं झालं ते सांगतो. भूमिका केलेला माणूस त्या भूमिकेतून जाणीवपूर्वक बाहेर येतो. आपल्या मुलांचं काय होतं? फोटो निघतात, सेट टेम्पोत चढतो, जो तो घरी. तिला मी शर्ट धुऊन पपांना परत द्यायला सांगितला.

आणि एक प्रश्न विचारायला सांगितला. माफी मागायची नाही, फक्त विचारायचं : “पपा, तुम्ही तेव्हा ट्रकात काय करत होता?”

उत्तर आलं, “गाडी चालू करून ठेवायचो. बॅटरी उतरली असती ना. खाण सुरू झाली असती तर धक्का मारत काढायची होती काय?”

घरचं सांगितलं म्हणून ते दुखावले नव्हतेच. आपण वाट बघत होतो आणि पोरीने आपल्याला हरलेला दाखवलं, हे त्यांना लागलं होतं. रडलोच नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

लहानपणी तिला जे वाटलं ते खोटं नव्हतं, पण ते तिचं होतं. दुसऱ्या प्रयोगात तिने पपांची भूमिका सोडली आणि खिडकीतून इंजिनाचा आवाज ऐकणारी मुलगी स्वतः झाली. हुंदके काढून टाकले. पपा त्या प्रयोगाला आले नाहीत. तिने आग्रहही केला नाही, आणि मला ते योग्य वाटलं. सगळं एका झटक्यात जुळून यायला हवं, अशी घाई कशाला?

वाचणाऱ्या मुलामुलींनी एक नीट लक्षात घ्यावं. घरात मारहाण किंवा लैंगिक छळ झालेला असेल तर त्या माणसाला प्रश्न विचारायला मुळीच जाऊ नका, आधी विश्वासातल्या मोठ्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला. झोप, जेवण बिघडलेलंच राहिलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

आणि तालीम मास्तरांना माझी कळकळीची विनंती : ज्या मुलाने स्वतःचा प्रसंग दिला, त्याला तो प्रयोगाच्या आदल्या रात्रीपर्यंत परत घेता आला पाहिजे, आणि तेही कारण न सांगता. हे पहिल्या तालमीलाच सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे नंतर कुणाला एकट्याने येऊन मागावं लागणार नाही.