अश्वगंधेचे चूर्ण आणि गळालेला 'ग'

प्रश्न आला आहे: शांत झोपेसाठी रात्री दुधातून घेतात ते चूर्ण 'अश्वगंधाचे' की 'अश्वगंधेचे'?

अश्वगंधेचे. शाळेचे, भाषेचे, तसेच. डब्यांवर, जाहिरातींत आणि हल्ली वैद्यांच्याही तोंडी 'अश्वगंधाचे फायदे' ऐकून कान किटले आहेत. 'वनस्पतीचे नाव हे विशेषनाम, त्याचे सामान्यरूप करू नये' असा युक्तिवादही मध्यंतरी वाचला. मग मंजिष्ठेचा काढा आणि दूर्वेचा रस कसा चालतो? एका जातीच्या साऱ्या झाडांना मिळून जे नाव, ते विशेषनाम कसले?

पण त्याहून मोठा घोळ अर्थाचा आहे. 'अश्वगंधा म्हणजे घोड्याचे बळ देणारी' असे बिनदिक्कत लिहितात. अहो, गंध म्हणजे वास! ताज्या मुळाला घोड्याच्या अंगाचा वास येतो, म्हणून हे नाव. ती बळ देते असे आयुर्वेद म्हणतोच. चरकसंहितेत ती बल्य (बळ देणारी) आणि बृंहणीय (शरीर भरवणारी) अशा दोन्ही गणांत आहे. पण गुण सांगितला म्हणजे व्युत्पत्ती झाली असे नाही. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथाने तर या नावाचे सूत्रच दिले आहे: आधी घोड्याचे कोणतेही नाव घ्या, शेवटी 'गंधा' लावा. हयगंधा, वाजिगंधा, तुरगगंधा, सगळी हीच. आणि त्याच ओळींत 'बलदा' हे नाव वेगळे दिले आहे. बळ जर गंधातच होते, तर बलदा कशाला हवी होती? शेजारी कुष्ठगंधिनीही आहे, म्हणजे कोष्ठ नावाच्या वासाच्या मुळीसारखा वास असलेली. नावे ठेवणाऱ्यांनी मूळ नाकाशी धरले होते, हे यावरून स्वच्छ दिसते.

मला मात्र या सगळ्यांहून लाडका आहे तो मराठी 'आसंध'. त्याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो जरा सावकाश उच्चारून पाहावा. अश्वचे प्राकृतात अस्स झाले आणि मराठीत आस. सप्त, सत्त, सात हीच ती वाट. पुढे गंधातला 'ग' दोन स्वरांच्या मध्ये सापडला आणि गळाला, नगरातला गळून 'नेर' उरला तसा. पारनेर, संगमनेर, अमळनेर म्हणताना कुणाला काही बिघडल्यासारखे वाटते का? हिंदीने 'असगंध' म्हणत ग राखला, आपण तो पार विरघळवला. 'आस्कंद' असेही म्हणतात. माझे मत असे, की औषध मुळात असल्यामुळे लोकांना गंधाच्या जागी कंद ऐकू आला. वास विसरला गेला की असे व्हायचेच.

राहिली झोप. भावप्रकाशाच्या त्या नावांत घोडा आहे, 'वराहकर्णी'मुळे डुकराचा कान आहे, वास आहे, बळ आहे, झोप नाही. ती 1753 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातल्या 'सोम्निफेरा' या शब्दात आली. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. लॅटिनमधला झोपेचा शब्द सोम्नुस, आणि तो आपल्या 'स्वप्न'चा सख्खा भाऊ. संस्कृतात स्वप्न म्हणजे नुसती झोपसुद्धा. 'फेरा'चे नाते भृ धातूशी, भरणे-पोसणे-वाहून आणणे हा त्याचा अर्थ. दोन्ही जोडा: स्वप्नभरा! इतके देखणे नाव संस्कृतात कुणाला सुचले नाही, ते त्याच कुळातल्या लॅटिनने दिले.