अडीचला उठतं कोण?

मावशी, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय 41. घरीच शाळेचे युनिफॉर्म शिवते. हे टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, मुलगा कॉलेजला आहे. आईला जाऊन दीड वर्ष झालं. गेले काही महिने ती पहाटे स्वप्नात येते. दारात उभी राहते, बोलत काहीच नाही. उठल्यावर डोकं जड असतं, दिवसभर अंग मोडून येतं. मशीनवर डुलकी लागून एकदा सुई बोटात गेली. शेजारच्या काकू म्हणतात, पहाटेचं स्वप्न खरं असतं, तिची काहीतरी इच्छा राहिली असणार, त्र्यंबकेश्वरला जाऊन विधी करून या. ह्यांना विचारलं तर म्हणतात, मला स्वप्नंच पडत नाहीत, मी काय सांगू? त्यांची झोप खरंच गाढ आहे. चार दिवसांआड रात्री अडीचला पाणी येतं तेव्हाही मीच उठून भरते, त्यांना कळतसुद्धा नाही. मग चारशिवाय डोळा लागत नाही आणि सहाला डब्यासाठी गजर. आई काय सांगायला येत असेल?

— एक वाचक, सोलापूर

मला मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

आईबद्दल तू पानभर लिहिलंस (छापताना ते कमी करावं लागलं), काकूंबद्दल अर्धं पान आणि पाण्याबद्दल जेमतेम दोन ओळी. मी त्या दोन ओळींवरच अडले. ‘मीच उठून भरते’ हे तू असं लिहून टाकलंस की जणू त्यात सांगण्यासारखं काही नाहीच.

पूर्व भागातलं घर म्हणजे आजूबाजूला यंत्रमाग असणारच. त्या खडखडाटात तुम्ही सगळे ढाराढूर झोपता. पण नळातून पाण्याआधी हवा येते ना, ती नुसती फुसफुस ऐकून तू ताडकन उठतेस. झोपेतही मेंदू ऐकत असतो, आणि आपल्या कामाचा आवाज तेवढा निवडून घेतो. बाळ कुरकुरलं की आई उठते, झोपलेल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारली की तो चटकन हलतो, ते यामुळेच. तुझ्या नवऱ्याच्या कानांना काही झालेलं नाही. नळाचा आवाज आपल्यासाठी नाही, हे त्याच्या मेंदूने केव्हाच ठरवून टाकलंय. आणि पाण्याची पाळी नसली तरी तुला अडीचच्या सुमाराला जाग येत असणार. खरं ना?

आता स्वप्नाचं. 1953 साली शिकागोत युजीन असेरिन्स्की आणि नाथानिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत अधूनमधून मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरू लागतात आणि नेमकं तेव्हा उठवलं तर माणूस बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. सुरुवातीला असेरिन्स्कीने तारा लावल्या त्या स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती. (रात्री जागून घरच्यांची झोप बघणारा एक तरी बाप होऊन गेला म्हणायचा.) या झोपेला रेम झोप म्हणतात. साधारण दर दीड तासाने ती येते. पहिल्या खेपेला जेमतेम दहा मिनिटं टिकते, पहाटेकडे अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त. काकूंच्या ‘पहाटेचं स्वप्न खरं’चं मूळ यातच असावं. ती स्वप्नं लांब असतात आणि उठायच्या तोंडावर पडतात, म्हणून ध्यानात राहतात. मध्यरात्री पडलेलं स्वप्न पुढच्या झोपेत विरून जातं.

म्हणजे स्वप्नं नवऱ्यालाही पडतात, एका रात्रीत चार-पाचदा. त्याचीही गेलेली माणसं येऊन जात असतील. त्याला मधे कोणी उठवत नाही, एवढाच काय तो फरक. तू मात्र चारला पाठ टेकतेस आणि ऐन स्वप्नांच्या वेळेत सहाचा गजर वाजतो. आई दारातच राहते, आणि तू तिला तशीच डोळ्यांसमोर घेऊन डबा करायला उठतेस.

स्वप्नं का पडतात यावर अजून एकमत नाही. फ्रॉइडने दडपलेल्या इच्छांकडे बोट दाखवलं. 1977 साली हॉब्सन आणि मॅकार्ली म्हणाले, मेंदूच्या तळातून उठणाऱ्या संदेशांची मेंदू जमेल तशी गोष्ट रचतो. झोपेत आठवणींची आवराआवर चालते, असं म्हणणारेही आहेत. मला त्या भांडणात पडायचं नाही. दीड वर्षापूर्वी आई गेलेल्या लेकीला आई दिसावी, याला कुठला सिद्धांत लागतो? मनी वसे ते स्वप्नी दिसे. पण दिसलेलं सारखं लक्षात राहायचं तर झोपही सारखी मोडावी लागते, आणि ती कशाने मोडते ते तूच लिहिलंयस. सुई बोटात गेली, याची मला त्या स्वप्नापेक्षा जास्त काळजी वाटते. त्र्यंबकेश्वरला जायचं तर श्रद्धेने जा, माझी ना नाही. परत येशील तेव्हा अडीचचा नळ तुझ्याच नावावर असेल.

तू काय म्हणशील तेही मला माहितीय. त्यांना नळी नीट लावता येत नाही, मोटार वेळेवर बंद करत नाहीत, पाणी रस्त्यावर जातं, शेजारी बोलतात. अगं, कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या माणसाला टाकी भरलेली कळत नाही? आणि कॉलेजातला मुलगा? ही पोरं तशीही दीडपर्यंत मोबाईलवर जागीच असतात. त्यांना येत नाही, कारण तू कधी येऊच दिलं नाहीस. ‘माझ्याशिवाय या घरात पाणी भरलं जात नाही’ हा मान तुलाही सोडवत नाही. त्यामुळे बिचारी म्हणून तुझी पाठ थोपटायला मी काही तयार नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. झोप सलग झाली की आई कमी दिसेल. यायची थांबेल असं नाही, आलेली आठवणार नाही. ते तुला जड जाईल, मला कळतंय. फारच आठवण आली तर एखाद्या रविवारी गजर लावू नकोस, आणि जाग आली तरी डोळे मिटून, कूस न बदलता पडून राहा. स्वप्न निसटतं ते आपण हललो की. डबा नाही, घाई नाही, बघ तिला हवं तेवढं.

पुढच्या पाळीच्या दिवशी रात्री जेवताना नवऱ्याला सांग, आज पाणी तुम्ही भरायचं. ‘भराल का?’ असं विचारायचं नाही. गजर त्याच्या मोबाईलवर लाव, मोटारीचं बटण दाखव आणि तू मशीनच्या खोलीत दार लावून झोप. नळ फुसफुसेल, तुला जाग येईल, पण उठायचं नाही. टाकी वाहिली तर वाहू दे. अर्धीच भरली तर चार दिवस सगळ्यांनी अर्ध्यात भागवा. पहिली तक्रार बहुतेक मुलगाच करेल, आंघोळीला पाणी नाही म्हणून. त्याला म्हण, मग पुढच्या खेपेला तू ऊठ.