कॉलेजच्या सॉफ्टबॉल कोचना पाठवायचा व्हिडिओ कसा करावा?

तुमची मुलगी न्यू जर्सीत नववीत आहे, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली जागा) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी) अशा दोन्ही जागी खेळते, आणि व्हिडिओ पैसे देऊन व्यावसायिक एडिटरकडून करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते गरज नाही. फोन, ट्रायपॉड आणि बॉल मारून देणारं कुणीतरी, एवढ्यावर उत्तम काम होतं. पाय कसे हलतात, हात किती चपळ आहेत, थ्रोमध्ये किती दम आहे, हे कोचला बघायचं असतं आणि ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतं. तिथे फिरती अक्षरं आणि इफेक्ट घातले की तो उरलेला व्हिडिओ बघतच नाही.

एकूण लांबी तीन-साडेतीन मिनिटं. सुरुवातीला पाच सेकंदांची एकच पाटी: नाव, हायस्कूल संपण्याचं वर्ष, खेळण्याच्या जागा, उंची, बॅटिंग आणि थ्रोचा हात, क्लब, जर्सी नंबर, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी), ईमेल. घरचा पत्ता टाकू नका. त्यानंतर जी बाजू सगळ्यात भक्कम, ती आधी.

फोन आडवा धरा, 1080पी आणि 60 फ्रेमवर ठेवा, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी असू द्या. जाळीमागून घ्यायचं असेल तर लेन्स जाळीच्या भोकाला अगदी टेकवा, नाहीतर फोकस तारांवर बसतो आणि मुलगी धूसर दिसते.

कॅचिंगची शूटिंग सगळ्यात काळजीपूर्वक करा, कारण तिथे कोच स्वतः स्टॉपवॉच लावतात. पॉप टाइम म्हणजे बॉल कॅचरच्या मिटमध्ये (जाड ग्लोव्हमध्ये) पडल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. अंतर असतं जवळपास 85 फूट. डिव्हिजन 1 मध्ये (अमेरिकन कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात) साधारण 1.8 सेकंदांची अपेक्षा धरतात. कॅमेरा कॅचरच्या मागे, जरासा बाजूला, असा ठेवा की मिट आणि सेकंड बेस दोन्ही एकाच चौकटीत येतील. मध्ये कुठेही कट नको आणि वर संगीतही नको: मिटचा ‘फट्’ आवाज आणि पलीकडच्या ग्लोव्हचा आवाज यांवरच वेळ मोजतात. तुम्हाला घरी तपासायचं असेल तर फ्रेम मोजा. 60च्या वेगाने 108 फ्रेम म्हणजे बरोबर 1.8 सेकंद. पाटीवर 1.8 आणि व्हिडिओत 2.1 निघाले तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. असे चार-पाच थ्रो सलग दाखवा, दोन थ्रो थर्ड बेसला. मग ब्लॉकिंग, म्हणजे जमिनीवर टप्पा पडलेला बॉल अंगाने अडवणं: समोर, डावीकडे, उजवीकडे. बॉल अडवल्यावर तो अंगाजवळच पडतो की लांब उडतो, हे दिसण्यासाठी कॅमेरा समोरून तिरका घ्या.

शॉर्टस्टॉपसाठी कॅमेरा फर्स्ट बेसच्या मागे, फाउल रेषेबाहेर. म्हणजे पावलं, ग्लोव्ह आणि थ्रोची अचूकता एकदमच दिसते. सरळ, फोरहँड, बॅकहँड, पुढे धावत येऊन उचलायचा हळू बॉल आणि डबल प्ले (एकाच बॉलवर दोघी बाद), प्रत्येकी दोन-तीन. सलग घ्या. एखादा बॉल हातून निसटला तरी राहू द्या. पुढच्या बॉलला ती कशी उभी राहते, हेही कोच बघतात. प्रत्येक बॉलनंतर कट दिसला की यांनी पन्नासातून पाच निवडलेत, अशी शंका येते.

बॅटिंगमध्ये नुसते टीवरचे (दांडीवर ठेवलेल्या बॉलवरचे) स्विंग नकोत. पुढून टाकलेल्या किंवा प्रत्यक्ष पिचिंगवरचे आठ-दहा स्विंग छातीच्या बाजूने घ्या (उजव्या हाताच्या बॅटरसाठी फर्स्ट बेसच्या बाजूने), पाच-सहा बॅकस्टॉपमागून (कॅचरच्या मागच्या जाळीमागून), म्हणजे बॉल कुठे गेला ते कळतं. स्लो मोशन शेवटी, दोनच स्विंगचं. त्यावरून बॅटचा वेग कळत नाही, म्हणून सगळा भाग तसा करू नका. होमपासून फर्स्टपर्यंतची एक धावही बॅटला बॉल लागल्यापासून बेसवर पाय पडेपर्यंत अखंड दाखवा.

सामन्यातल्या चार-पाच क्लिप पुरे. खेळ सुरू होण्याआधी क्षणभर चित्र थांबवून तिच्यावर बाण दाखवा. नाहीतर नऊ जणींत तिला शोधायचं कुणी? संपूर्ण दोन-तीन इनिंगची वेगळी लिंक जवळ ठेवा. आवड निर्माण झालेले कोच हमखास ती मागतात.

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, ‘प्रायव्हेट’ नको, आणि लॉगिन नसलेल्या फोनवर लिंक उघडते का ते बघा. परवानगी मागणारी ड्राइव्हची लिंक पाठवली तर कोच परवानगी मागत बसणार नाहीत. शीर्षकात नाव, वर्ष, जागा, राज्य.

ईमेल मुलीनेच लिहावी, आईवडिलांनी नाही. त्या कॉलेजचा सॉफ्टबॉल संघ तिला का हवा, हे दोन ओळींत यावं. डिव्हिजन 1च्या कोचना अकरावीच्या 1 सप्टेंबरपर्यंत नियमाने वैयक्तिक उत्तर देता येत नाही. फार तर कॅम्पची माहिती किंवा प्रश्नावली येते. त्यामुळे आत्ता उत्तर आलं नाही याचा अर्थ व्हिडिओ पाहिला नाही, असा काढू नका. दर हंगामानंतर नवा व्हिडिओ त्याच ईमेलच्या साखळीत पाठवा, म्हणजे प्रगती त्यांना एका जागी दिसते.