कार्टून आहे म्हणून लावलं

(वाचक विचारतात : अ‍ॅनिमेशनपट आणि लहान मुलांची भीती)

प्रश्न : आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. रविवारी पाहुणे होते म्हणून तिला आतल्या खोलीत सशांचा एक जुना इंग्रजी कार्टून सिनेमा लावून दिला. वर चित्रात ससे, खाली ‘यू’चा, म्हणजे सर्वांना चालेल असा, शिक्का. अर्ध्या तासाने ती कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात आली. त्याला आठ दिवस झाले. रोज पहाटे उठते, ‘सगळं शेत लाल झालं’ म्हणून रडते. बालवाडीच्या भिंतीवर रंगवलेल्या सशाकडेही बघत नाही. हे म्हणतात, विसरेल आपोआप. विसरेल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : लाल शेत आणि ससे म्हणजे तो सिनेमा बहुधा ‘वॉटरशिप डाउन’ असणार. १९७८ सालचा, ब्रिटिश. त्यात एका छोट्या सशाला आपलं शेत रक्ताने भरून जाताना दिसतं, पुढे बुजवलेल्या बिळांत ससे गुदमरतात आणि शेवटाकडे दातांनी फाडाफाड आहे. तरी ब्रिटनच्या प्रमाणन मंडळाने तेव्हा त्याला ‘यू’ दिलं. परीक्षकांचं म्हणणं असं की, चित्रं काढलेली असल्याने रक्तपाताची धार बोथट होते, आणि गोष्टीची भूल उतरली की मुलांना त्रास उरणार नाही. पालक मात्र चाळीसेक वर्षं तक्रारी करत राहिले. २०१६ साली तिथल्या एका वाहिनीने ईस्टरच्या रविवारी दुपारी तो दाखवला, तेव्हा बराच गदारोळ झाला. अखेर फेरतपासणीत तो ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या देखरेखीने बघावा असा, झाला. जुन्या डीव्हीडींवर अजून ‘यू’च छापलेलं आहे. तेव्हा स्वतःला फार दोष देऊ नका. ‘काढलेलं चित्र म्हणजे मऊ चित्र’ हा समज प्रत्यक्ष परीक्षकांचाही होता.

आता मुलीकडे. ‘अगं, खोटं असतं ते’ हे वाक्य या वयात जवळपास वाया जातं. साधारण सात वर्षांपर्यंत मूल दिसतं त्यावर जातं : सुळे, वटारलेले डोळे, एकाचं दुसरंच होणं, दणकन आलेला आवाज. अमेरिकेतल्या संशोधक जोआन कँटर यांनी मुलांच्या या भीतीवर बरीच वर्षं काम केलं. टीव्हीवरच्या ‘हल्क’ मालिकेत साधा माणूस हिरवा धिप्पाड राक्षस होतो आणि लोकांना वाचवतो. त्यांच्या अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना सगळ्यात जास्त धडकी भरली ती त्याचं रूप पालटताना. राक्षस आपल्या बाजूचा आहे, हे त्यांच्या कामी आलं नाही. मोठ्या मुलांच्या आलं.

म्हणून रात्री समजावत बसू नका, आधी अंग शांत करा. मंद दिवा, घोटभर पाणी, पाठीवरून हात, आणि रोज तेच एक छोटं वाक्य : ‘मी इथे आहे, दार बंद आहे, आता झोपायचं.’ बॅटरी घेऊन पलंगाखाली ससा शोधण्याचा कार्यक्रम करू नका. एकदा ठीक, रोज शोधलं की ‘तिथे काहीतरी असू शकतं’ हे तिला आपणच सांगतो.

खरं काम दिवसा. दुपारी, झोपेच्या वेळेपासून लांब, दहा मिनिटं कागद आणि खडू घेऊन बसा. लाल शेत तिला काढू द्या, तुम्ही काढू नका. मग विचारा, ‘आता या शेतात काय करूया?’ कुणी पाऊस पाडतं, कुणी सगळ्या सशांना गमबूट घालतं. जे सुचेल ते तिच्याच हाताने त्याच कागदावर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी तोच कागद पुन्हा. चार-पाच दिवसांत बहुतेक मुलांचा त्या चित्रातला रस संपतो, आणि तेच हवं असतं. तिला नको असेल त्या दिवशी सोडून द्या. पाहुण्यांसमोर ‘सांग गं, काय दिसतं तुला’ असं मात्र अजिबात नको.

ती तुमच्याजवळ झोपायला आली तर पहिले काही दिवस येऊ द्या. मग तिच्या पलंगाशी बसा, दोन-तीन रात्रींनी खुर्ची दाराशी न्या, आणखी दोन-तीन रात्रींनी दाराबाहेर. एकदम ‘आजपासून एकटी’ केलं की मागचं सगळं पुसलं जातं.

एक फरक ध्यानात असू द्या. ती पहाटे उठते, तुम्हाला ओळखते, स्वप्न सांगते, हे दुःस्वप्न. झोप लागल्यावर एक ते तीन तासांत मूल किंचाळत उठून बसलं, डोळे सताड उघडे पण ओळख नाही, आणि सकाळी काहीच आठवत नाही, तर तो प्रकार वेगळा. त्यात मुलाला हलवून जागं करू नये; पडणार-आपटणार नाही एवढं बघावं, ते पुन्हा झोपतं. आणि महिनाभर होऊनही जेवण, झोप, शाळा रुळावर आली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : माझ्या लहानपणी आजोळी रात्री दिवे गेले की राक्षस, चेटकिणी, मुंजा सगळं ऐकवायचे. भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ खायलाच टपलेला असतो. आम्ही काही बिघडलो नाही. हल्लीच्या आयांना साध्या कार्टूनचं एवढं काय?
– एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुमच्या गोष्टी चालू ठेवा. पण ऐकलेला वाघ आणि दाखवलेला वाघ सारखे नसतात. गोष्टीतला वाघ मूल आपल्या मनात काढतं, सोसवेल तेवढाच. सांगणारीचं लक्ष पोराच्या तोंडाकडे असतं. ओठ थरथरले की ती वाघाला पटकन पळवून लावते आणि भोपळा चार वेळा जास्त टुणटुणवते. पडदा थांबत नाही. शिवाय वाद्यं छातीत वाजतात. टीव्हीचा आवाज बंद करून कुठलाही भीतीचा प्रसंग बघा, निम्मी भीती तिथेच गळते.

आणि भीतीला नेहमी राक्षस लागतोच असं नाही. ‘बांबी’ हा १९४२ सालचा सिनेमा घ्या. हरणाच्या पाडसाची आई मरते, ती पडद्यावर मरताना दिसतसुद्धा नाही. बर्फ, पळापळ, एक बार, मग शांतता. पाडस हाका मारत फिरतं. बाप येऊन सांगतो, आई आता तुझ्याबरोबर नसेल. आणि लगेच वसंत ऋतू, पक्ष्यांचं गाणं. मोठ्या माणसाला तो ऋतुबदल सुंदर वाटतो; चार वर्षांचं पोर मात्र त्या गाण्यात ‘आई कुठाय?’ असं विचारत राहतं, कारण त्याला उत्तर मिळालेलंच नसतं. अशा वेळी सिनेमा थांबवून साध्या शब्दांत सांगावं : ‘शिकाऱ्याने मारलं, ती मेली. आता बाबा सांभाळणार.’ ‘झोपली’, ‘गावाला गेली’ म्हणू नका. मग घरात कुणी झोपलं तरी मूल उठवत बसतं.

प्रश्न : सिनेमा आधी स्वतः बघा, हा सल्ला ऐकायला बरा. दोन तास आणायचे कुठून? आणि ‘यूए ७+’ म्हणजे सात वर्षांखालच्यांना बंदी का?
– एक वडील, ठाणे

उत्तर : बंदी नाही. १९८३ पासून आपल्याकडे ‘यू’, ‘यूए’, ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) आणि ‘एस’ (डॉक्टरांसारख्या ठरावीक प्रेक्षकांसाठी) अशी प्रमाणपत्रं होती. २०२३ च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले : ७+, १३+ आणि १६+. तिन्ही पालकांना दिलेल्या सूचना आहेत, त्यावरून दारावर कुणी मुलाला अडवत नाही. अडवतात ते ‘ए’ला. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही ‘यूए १३+’ला बसलात, तर निर्णय पूर्ण तुमचा.

दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं पुरतात. पहिली बारा-पंधरा मिनिटं बघा. आईबापाचं मरण, ताटातूट ही गोष्टीची सुरुवात असल्याने पुष्कळदा तिथेच असते. मग शेवटची पंचवीस मिनिटं, म्हणजे खलनायकाशी शेवटची गाठ. मधल्या भागावरून झरझर पुढे जा आणि पडदा अंधारतो तिथे थांबा. हे सगळं आवाज चालू ठेवून बघायचं. बघताना मोजायचं ते रक्त नव्हे. कुणाचं रूप पालटतं का, लहान जीव एकटा किती वेळ असतो, आणि भीतीच्या प्रसंगानंतर सुटका किती लवकर होते, हे बघा. दोन मिनिटांत सुटका झाली तर बहुतेक मुलं तरतात. दहा मिनिटं टांगून ठेवलं तर नाही.

तेवढाही वेळ नसेल तर ब्रिटिश प्रमाणन मंडळाच्या संकेतस्थळावर सिनेमाचं नाव टाका. भीती, हिंसा, भाषा असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. ट्रेलरवर विसंबू नका, त्यात विनोद निवडून घातलेले असतात.

स्टुडिओच्या नावावर तर मुळीच नको. जपानच्या स्टुडिओ जिब्लीचे दोन सिनेमे १६ एप्रिल १९८८ ला एकाच तिकिटात लागले. एक ‘माय नेबर टोटोरो’ : केसाळ गुबगुबीत वनदेव, दोन बहिणी, बालवाडीच्या पोरांनाही चालेल असा. दुसरा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ : १९४५ च्या कोबे शहरात बॉम्बहल्ल्यांत पोरकी झालेली, उपासमारीने खंगत जाणारी भावंडं, पहिल्याच प्रसंगात रेल्वे स्टेशनवर मुलगा मरतो. सिनेमा म्हणून थोरच. मुलं तेरा-चौदाची झाली की शेजारी बसून दाखवा.

प्रश्न : आम्ही लंडनला राहतो. इथलं ‘पीजी’ आणि भारतातलं ‘यूए ७+’ एकच धरायचं का?
– एक वाचक

उत्तर : जवळपास, पण आंधळेपणाने नाही. तिथे ‘यू’ साधारण चार वर्षांपासून पुढे, आणि ‘पीजी’ने आठेक वर्षांचं मूल अस्वस्थ होऊ नये अशी अपेक्षा असते. ‘१२ए’ला थिएटरात बाराखालच्यांबरोबर मोठं माणूस लागतं. परीक्षक मात्र देशोदेशी वेगळे. २०१६ चा ‘द जंगल बुक’ तिथे ‘पीजी’ होता. आपल्याकडेही ‘यू’ मिळालं नाही, ‘यूए’ मिळालं. त्यावर इथे हसू झालं, पण थ्रीडीत अंगावर येणारा वाघ चार वर्षांच्या मुलासाठी हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

प्रश्न : मुलाचं वेगळं प्रोफाइल केलंय, तरी तो नको ते बघतोच. कुठे चुकतंय?
– एक आई, पुणे

उत्तर : बहुधा तुमच्याच प्रोफाइलला पिन नाही. मुलाचं प्रोफाइल कडेकोट आणि शेजारी ‘बाबा’ उघडं. रिमोटचं एक बटण दाबलं की काम झालं. पिन मोठ्यांच्या प्रत्येक प्रोफाइलला हवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘यूए १३+’ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय देणं ओटीटी कंपन्यांना बंधनकारक आहे, पण ते लावायचं आपल्यालाच. नेटफ्लिक्सवर खात्याच्या सेटिंगमध्ये मुलाच्या प्रोफाइलची वयमर्यादा ठरवा. एखादं नावच नको असेल तर तिथेच ते नाव टाकून अडवता येतं. पुढचा भाग आपोआप सुरू होणंही बंद करा.

यूट्यूबची गोष्ट निराळी. २०१७ साली उघड झालं की ओळखीच्या कार्टून पात्रांची नक्कल करून सुया, रक्त, छळ दाखवणारे व्हिडिओ लहान मुलांपर्यंत पोचत होते. त्यानंतर पुष्कळ काढले गेले, तरी पाचखालच्या मुलासाठी खुला शोध नकोच. यूट्यूब किड्समध्ये कोपऱ्यातल्या कुलपावर बोट ठेवा, गुणाकार सोडवा, सेटिंगमध्ये मुलाचं नाव निवडा आणि पालकांनी मंजूर केलेलंच दिसेल असा पर्याय घ्या. पंधरा-वीस चॅनेल निवडायला अर्धा तास जातो. शोध त्यात आपोआप बंद होतो. आणि दहा वर्षांच्या दादाने आपल्या फोनवरून टीव्हीवर काही लावलं तर हे सगळं बाजूला राहतं, त्यामुळे दादाशीही बोलून ठेवा.

प्रश्न : थिएटरात मूल रडायला लागलं तर अर्ध्यावर उठावं का? – एक वडील, मडगाव

उत्तर : उठावं, पण थेट घरी जाऊ नये. तिकीट काढतानाच मागची, कडेची जागा घ्या. मूल कान झाकू लागलं की रडण्याची वाट न पाहता बाहेर लॉबीत न्या, काहीतरी खायला द्या. चघळताना अंग सैल पडतं. दहा मिनिटांनी विचारा, ‘दारातून बघूया का?’ नाही म्हणालं तर परत. मात्र सर्वांत भीतीच्या जागी सिनेमा सुटला, तर मुलाच्या डोक्यात तो तिथेच अडकून राहतो. म्हणून शेवट काय झाला ते शोधून काढा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याला सांगा. तिकिटांचे पैसे गेले, हे त्याच्यादेखत बोलू नका.